वेशीवरची आंघोळ

संपादकांनी फोनवर बजावलं, "अनुभव लिहा, पत्रक लिहू नका." प्रयत्न करते. पण कॉलेजपासून मी पत्रकंच लिहीत आले आहे. वर एक खणखणीत प्रश्न, मध्ये तीन मागण्या, खाली 'आपले नम्र' आणि त्याखाली अजिबात नम्र नसलेल्या पाच-सहा पोरापोरींची नावं. दिवाळी अंकात आठवणी लिहायच्या त्या निवृत्त माणसांनी, हेही मला ठाऊक आहे. मी निवृत्त व्हायची वाट पाहिली, तर लोक सगळं विसरून गेलेले असतील. तसेही विसरलेच आहेत. कोरोना म्हटलं की आता लोकांना थाळ्या आठवतात, घरी केलेली जिलेबी आठवते. मला एक बादली आठवते.

मी मूळची कंधारची. आई अंगणवाडीत, वडील शाळेत शिपाई. घरात 'जयभीम' आणि 'अर्ज कर' हे दोन शब्द मी एकदमच शिकले. आता नांदेडला असते. तिथल्या एका कॅन्सर उपचार केंद्रात किरणोपचार विभागाच्या दाराबाहेर एक लांब बाकडं आहे, तेच माझं ऑफिस. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. आमची रुग्णांसाठी काम करणारी लहानशी संघटना आहे आणि तिथं माझं काम एकच : सुरू केलेला उपचार कुणी मध्येच सोडू द्यायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं ना? एक महिना बसून बघा त्या बाकड्यावर.

ज्यांना या गोष्टीशी काही देणंघेणं पडलेलं नाही (आणि न पडो), त्यांच्यासाठी थोडं सांगते. किरणोपचाराला आमच्याकडं 'शेक' म्हणतात. कुणी 'लाईट' म्हणतं, कुणी 'करंट'. प्रत्यक्षात त्यात ना उजेड दिसतो, ना चटका बसतो. मोठ्या मशीनखाली टेबलावर निजायचं, हलायचं नाही, काही मिनिटांत बाहेर. पण हे रोज. शनिवार-रविवार सोडून रोज, पाच-सहा आठवडे. एकदम का देत नाहीत? कारण चांगल्या मांसाला रात्रीतून सावरायला वेळ द्यायचा आणि गाठीला मात्र उसंत द्यायची नाही. कुस्तीत समोरचा गुडघ्यावर आला की आपण पाणी प्यायला जात नाही, तसं. मधले दिवस बुडाले की गाठ उठून बसते.

दुसरी गोष्ट रेघांची. किरण नेमका कुठं मारायचा याचं मोजमाप आधी होतं आणि त्याप्रमाणं अंगावर पक्क्या निळ्या शाईनं रेघा आणि फुल्या काढतात. भिंतीतून येणारा प्रकाशाचा धागा त्या फुलीवर रोज जुळवायचा, मगच मशीन चालू. म्हणून पहिल्याच दिवशी आमचे तंत्रज्ञ जोंधळे सर प्रत्येकाला दम भरायचे, "रेघ पुसली की काम पुसलं. साबण नाही, घासणं नाही. तेवढी जागा सोडून अंग पुसून घ्यायचं."

गयाबाईला हे सांगितलं तेव्हा ती माझ्याकडं वळून म्हणाली, "पोरी, बस म्हणले बसते, नीज म्हणले निजते. पर महिनाभर आंघोळ न्हाई? म्हसरं बरी की मग माझ्यापरीस!"

गयाबाई लोह्याच्या अलीकडच्या एका गावातली. पन्नाशी ओलांडलेली, घरची शेती, नवरा मागेच वारलेला, मुलगा पुण्यात कंपनीत. पाळी जाऊन कैक वर्षं झाल्यावर तिचे कपडे पुन्हा खराब व्हायला लागले. तिनं काय केलं? जे आपल्याकडच्या बायका करतात तेच. गप्प बसली. सून कविता कपडे धुताना ओळखून बसली, म्हणून निदान तरी झालं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, वेळेत आली आहे, पूर्ण शेक घेतला तर बरी होईल. गावात मात्र कवितानं सासूच्या सांगण्यावरून 'पोटाचं दुखणं' एवढंच सांगितलं होतं. जागेचं नाव घ्यायची सोय नाही आपल्या समाजात. हृदयाचा झटका आला की माणूस मिरवतो, आणि बाईनं गर्भपिशवी म्हणायचं तर आधी दार लावायचं.

तिचा शेक सुरू झाला आणि लॉकडाऊन लागलं.

त्या पहिल्या आठवड्यातलं बाकडं मी विसरणार नाही. जिथं रोज टेकायला जागा नसायची, तिथं मी एकटी. मशीन चालू, जोंधळे सर प्लॅस्टिकच्या झग्यात घामाघूम होऊन उभे, डॉक्टर हजर, आणि माणसंच नाहीत. एसटी बंद, जीप बंद, जिल्ह्याच्या हद्दी बंद. परगावचे लोक ज्या धर्मशाळेत राहायचे ती विलगीकरणासाठी घेतलेली. टीव्हीवर रोज कोरोनाचे आकडे. शेक अर्धा सोडून घरात बसलेल्यांचा आकडा कुणी लावला? कुणीही नाही. माझ्याकडं फोन होता आणि राग होता. मी एकेकाला फोन लावत बसले.

पास काढायला तहसीलमध्ये गेले. टेबलामागचे साहेब म्हणाले, "उपचारासाठी पास मिळेल. एक दिवसाचा."

"साहेब, शेक रोज असतो."

"रोज? रोज कशाला लागतो?"

"साहेब, मयतीला एक दिवसाचा पास पुरतो. जगायला रोजचा लागतो."

हे वाक्य मी पुढं पत्रकात वापरलं. साहेबांना आवडलं नाही, पण पास महिन्याचा दिला. माझं असं म्हणणं आहे की चांगलं वाक्य वाया जात नाही.

गयाबाईचं काय झालं ते सांगते. कविता सासूला स्कूटीवर घेऊन आली. ज्या बाईला साध्या खुर्चीवर नीट बसवत नव्हतं, ती लोह्याकडच्या रस्त्यानं स्कूटीवर मागं बसून आली! शेक झाला, दोघी परत गेल्या. गावाच्या वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ता बंद केलेला. तिथं गावाची दक्षता समिती बसलेली. समितीचा प्रमुख दिगंबर, गयाबाईचा चुलत दीर. समितीचा नियम सरळ होता : बाहेरून येणाऱ्यानं वेशीवरच्या हापशावर साबण लावून आंघोळ करायची आणि मग चौदा दिवस वेशीबाहेरच्या शाळेत राहायचं. गावात पाय ठेवायचा नाही.

गयाबाईनं सांगून पाहिलं, "दिगू, मला आंघोळ चालत न्हाई."

"वहिनी, कोरोनाला इचारू का, चालती का म्हणून?" दिगंबर म्हणाला आणि बादली पुढं सरकवली.

आपल्या पोटावर रेघा आहेत, हे ती सहा पुरुषांसमोर कसं सांगणार? तिनं लुगड्याचा आडोसा करून आंघोळ केली. पोरं लांबून ओरडत होती, "साबण लावा, मावशी, नीट लावा!" पोटावरची शाई वाहून गेली.

त्या संध्याकाळी शाळेच्या वर्गात कवितानं जे केलं, ते ऐकून आजही मी हसते आणि हसता हसता अंगावर काटा येतो. तिला वाटलं, रेघा गेल्या म्हणजे उद्या शेक बुडणार. मुलांच्या कपाटात स्केचपेन सापडला, फळ्याजवळ लाकडी पट्टी होती. आठवून आठवून तिनं सासूच्या पोटावर सगळ्या रेघा पुन्हा काढल्या. सकाळी समितीची पोरं चहाला गेलेली बघून दोघी स्कूटीवर निसटल्या आणि नांदेडला हजर.

जोंधळे सर आत गेले आणि लगेच बाहेर आले. "सुजाताबाई, ही रेघ माझी नाही."

कविता अभिमानानं म्हणाली, "मी काढली सर. तुमच्या रेघा जरा वाकड्या होत्या. मी पट्टी धरून सरळ काढल्यात."

जोंधळे सरांनी भिंतीला हात टेकवला. गोरा माणूस, पांढराफटक पडला. "अहो ताई, ती रांगोळी नाही! बोटभर इकडं-तिकडं झालं तर किरण गाठीला सोडून आतड्याला लागेल." रेघा जांभळ्या होत्या म्हणून त्यांच्या लक्षात आलं. निळ्या असत्या तरी त्यांनी जुळवून पाहिल्याशिवाय मशीन लावलं नसतंच. पुन्हा मोजमाप करावं लागलं, पुन्हा रेघा. त्या दिवशीचा शेक बुडाला. कविता कोपऱ्यात रडत होती. गयाबाईच तिची समजूत घालत होती, "रडू नगंस. रेघ सरळच आली होती तुपली. पोट वाकडं हाय त्याला कोण काय करील."

दुसऱ्या दिवशी बाकड्यावर गयाबाई नव्हती. मी फोन लावला.

"बाई, मी आता यायची न्हाई," ती म्हणाली. "दिगूनं स्कूटीची चावी काढून घेतली. निसटून गेलो म्हणून लई बोलला, त्या भांडणात आंघोळीचं तेवढं राहून गेलं. आन् खरं सांगू का, त्येचं बी काय चुकलं? गावाचा नियम हाय."

माझं डोकं फिरलं. रशीदमामूला फोन केला. रशीदमामू लोह्याचा काळीपिवळी जीपवाला. जीप दारात उभी, धंदा बंद. आमच्या संघटनेनं डिझेल द्यायचं कबूल केलं होतं, पास माझ्याकडं होता.

"हौ बाई, आताव मैं," मामू म्हणाला. "गाडीको भी कितने दिन क्वारंटाईन करना?"

जीपमध्ये मी, मामू आणि माझ्या पत्रकांचा गठ्ठा. रात्री बसून लिहिलं होतं. मथळा : 'शेक म्हणजे कोरोना नव्हे!' आत सगळं शास्त्र. शेक घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत, तो कुणाला लागत नाही, लेकराला मांडीवर घेतलं तरी काही होत नाही. ही भीती तेव्हा गावोगाव होती, कोरोनाच्या आधीपासून होती.

वेशीवर पोचले. दिगंबर खुर्चीवर, हातात माईक. ग्रामपंचायतीच्या भोंग्याला जोडलेला. येणाऱ्याजाणाऱ्याला तो त्यावरूनच सूचना द्यायचा. मी जीपमधून उतरले आणि जे भाषण केलं, त्यात संविधानातला जगण्याचा हक्क होता, आरोग्याचा प्रश्न होता, बाईचं दुय्यमत्व होतं. एका पोरानं पत्रकांचा गठ्ठा जमिनीवर ठेवायला लावला आणि त्यावर सॅनिटायझरचा फवारा मारला. स्वस्तातली छपाई. 'शेक म्हणजे कोरोना' एवढंच वाचता येत होतं, 'नव्हे' फराटा होऊन गेलं.

"बाई," दिगंबर शांतपणे म्हणाला, "तुमी बोलून जाताल निघून. उद्या गावात एकाला झालं तर बोंब मपल्या नावानं. मपल्या घरात मपली म्हातारी माय हाय. मी काय मजेनं बसलोय का इथं उन्हात?"

हे मान्य करायला जीभ अडखळते, पण माणूस खोटं बोलत नव्हता.

तेवढ्यात शाळेच्या ओट्यावरून आवाज आला. गयाबाई उभी होती. "दिगू, नियम काय हाय, पुन्यांदा सांग."

"वहिनी, तुमाला ठाव हाय की."

"सांग की. बाईला बी कळू दी."

"भाईरून आलेल्यानं शाळेत राह्यचं. चौदा दिवस गावात पाय ठिवायचा न्हाई."

"मी ठिवला का पाय?"

"न्हाई."

"ठिवणार बी न्हाई. सकाळी शाळेतून नांदेडला जाते, सांजच्याला शाळेतच येते. गावात यायचीच न्हाई. तुपले चौदा दिवस का म्हणून? माझा शेक संपस्तोवर ठिव. घरी गेले का मी, सांग?"

समितीची पोरं एकमेकांकडं बघू लागली. नियमात कुठंही असं नव्हतं की शाळेतून पुन्हा बाहेर जायचं नाही. खरं तर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाहेर जायची उठाठेव कोण करणार होतं तेव्हा?

मी संविधान घेऊन गेले होते. बाईनं त्यांचाच नियम उचलून त्यांच्यासमोर ठेवला.

दिगंबर डोकं खाजवत म्हणाला, "बरं, राह्यलात. पर रोज आलाव की आंघोळ करावी लागंल, वहिनी."

"आंघोळ करायची न्हाई."

"काहून?"

गयाबाई ओट्यावरून खाली उतरली. "तो माईक दी."

दिगंबर गोंधळला. पण मोठी भावजय. त्यानं माईकला सॅनिटायझर मारलं, जमिनीवर ठेवला आणि मागं सरकला. गयाबाईनं तो उचलला, पदरानं पुसला आणि त्या भोंग्यावरून, देवळापासून वस्तीपर्यंत सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली :

"मी गयाबाई. मला पोटाचं दुखणं न्हाई. मला गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर हाय. डाक्टरनं पोटावर रेघा काढल्यात, त्या पुसल्या तर शेक चुकतो. परवा तुमी मला आंघोळ घातली, त्या रेघा गेल्या, माझा दिवस गेला. हात धुते, पाय धुते, तोंड धुते. पोटाला पाणी लावणार न्हाई. आन् हे दुखणं कुणाला लागत न्हाई. लेकरं जवळ आली तरी लागत न्हाई. ज्याला काय इचारायचं त्यानं मला इचारा, कविताला न्हाई."

पत्रकातलं सगळं आलं. मी चार पानं घेतली होती.

भोंग्याची खरखर थांबली. घराघरांच्या दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. दिगंबर जमिनीकडं बघत होता. म्हणाला, "वहिनी, आधी सांगायचं न्हाई का?"

"तू इचारलंस का? तू बादली दाखीवलीस."

त्या दिवसापासून ती शाळा आमची झाली.

दिगंबरला एकदा पटलं की तो माणूस नियम करण्यात जितका कडक तितकाच पाळण्यात. त्यानं वर्ग धुऊन घेतले, खाटा आणल्या, दोन खाटांमध्ये खडूनं अंतर आखलं. मी म्हटलं, एक बाई राहते तिथं आणखी राहतील. आसपासच्या गावांतले अडकलेले रुग्ण एकेक करून आले. मीही तिथंच मुक्काम टाकला, आणि मामूची जीप रोज सकाळी आम्हाला नांदेडला न्यायची, संध्याकाळी परत आणायची. कंधारकडची स्तनाच्या कॅन्सरची एक शिक्षिका आली. आणि आले मुरुडचे बप्पा.

बप्पा लातूर जिल्ह्यातल्या मुरुडचे, किराणा दुकानदार, गालाचा कॅन्सर, तंबाखूची कमाई. नांदेडला जावयाच्या ओळखीनं उपचार सुरू केलेले. धर्मशाळा बंद झाली तेव्हा ना नांदेडात जागा, ना लातूरच्या हद्दीतून पलीकडं जायची सोय. तोंडाच्या रुग्णांना रेघा अंगावर काढत नाहीत. चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार प्लॅस्टिकचा साचा करतात, तो तोंडावर बसवून टेबलाला अडकवतात, म्हणजे डोकं हलत नाही. बप्पा पहिल्याच दिवशी जीपमधल्या सगळ्यांकडं बघून म्हणाले, "समद्या दुनियेनं आता तोंडाला मास्क लावलाय. आपुन आधीपासून लावून बसलाव. फॅशन मुरुडातून निघती."

गालाला सूज असताना माणूस असं बोलत होता. त्याला जेवण गिळवत नव्हतं, तर गावातल्या बाया त्याच्यासाठी आंबील पाठवायच्या. डबे वेशीवर ठेवून मागं सरायचं, मग आम्ही उचलायचं. दिगंबरची म्हातारी आई, जिच्यासाठी त्यानं एवढं केलं होतं, तीच सगळ्यांत जास्त ओरडायची, "आंबील ताजी हाय का बगा गं, आजारी मानूस हाय!"

एक किस्सा सांगायलाच हवा. पोटाचा शेक घेणाऱ्यांना आधी भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून धरावी लागते. मूत्राशय भरलेलं असलं की आतडं वर सरकतं, किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. केंद्रात पाणी पिऊन वाट बघण्यात वेळ जातो म्हणून गयाबाईनं हुशारी केली. वाटेतच जीपमध्ये बाटली संपवली. नेमकं नांदेडच्या तोंडाशी पोलिसांनी अडवलं. नवीन शिपाई, पास उलटा-सुलटा करून बघतोय. मी अधिकाराची भाषा सुरू केली. गयाबाईनं मला कोपरानं बाजूला सारलं आणि खिडकीतून डोकं काढलं.

"साहेब, सोडता का इथंच बसू?"

"काय झालं मावशी?"

मागून बप्पा म्हणाले, "साहेब, धरण भरलंय. दार उघडायच्या आत सोडा."

मामूनं गाडी अशी काही पळवली की जोंधळे सर म्हणाले, आज तुम्ही वेळेच्या आधी कशा?

सगळंच असं गमतीचं नव्हतं. मध्ये केंद्रातले दोन कर्मचारी पॉझिटिव्ह आले, त्यात जोंधळे सर. विभाग काही दिवस बंद. त्या दिवसांत शाळेच्या ओट्यावर प्रत्येक जण आपापली गाठ आत उठून बसते आहे असं समजून बुडालेले दिवस मोजायचा. मी रोज डॉक्टरांना फोन करून डोकं खायचे : "बुडालेले दिवस भरून कसे काढणार?" उघडल्यावर डॉक्टरांनी शनिवारीही मशीन चालवलं, काहींना दिवसातून दोनदा, मध्ये पुरेसं अंतर ठेवून शेक दिला. जोंधळे सर बरे होऊन परतले तेव्हा आवाज बसलेला, दम लागायचा. तरी उभे. अशा माणसांवर फुलं उधळली म्हणे हेलिकॉप्टरमधून. त्यापेक्षा एक जास्तीचा तंत्रज्ञ द्यायचा होता. असो. पत्रक नको.

आणि एक नाव माझ्या फोनमध्ये अजून आहे, ते मी पुसत नाही. देगलूरकडची एक बाई, बोलताना तेलुगू मिसळायची. तिचा शेक अर्ध्यावर होता. मी फोन केला की म्हणायची, "वस्ता, वस्ता." येते, येते. तिच्या गावातही अशीच समिती होती, अशाच काट्या होत्या. पण तिच्या वेशीबाहेर शाळा नव्हती, आणि आमच्याकडं दुसरा मामू नव्हता. रस्ते उघडल्यावर ती आली. डॉक्टरांकडं तिला द्यायला फक्त वेदनेची औषधं उरली होती. तिचं मरण कोरोनाच्या कुठल्याच आकड्यात नाही. मला विचारलं तर तिथंच लिहायला हवं.

शाळेतली आणखी एक गोष्ट. गयाबाई भोंग्यावर बोलली त्याच्या आठवडाभरानं एक बाई डबा ठेवायला आली आणि मागं सरायच्या ऐवजी उभीच राहिली. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "बाई, मलाबी अंगावर जातंय. लई दिवसापून. गयाआक्काला असंच व्हतं का?" दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग आणखी. रस्ते उघडल्यावर मामूच्या जीपमधून त्या गावच्या बायका तपासणीला आल्या. बहुतेकींना साधा संसर्ग होता, गोळ्यांनी बरा झाला. एकीला मात्र सुरुवात होती, अगदी सुरुवात. लहानशा शस्त्रक्रियेवर भागलं. त्या बाईला शेकाची गरजच पडली नाही. मी इतकी वर्षं गावोगाव पत्रकं वाटली, एवढ्या बायका एकदम कधी आल्या नव्हत्या. हे मी कसं वाचायचं ते मला कळतं, तुम्हीही वाचा.

बप्पा मुरुडला दुकानात बसतात. तंबाखूची पुडी विकत नाहीत. मागणाऱ्याला गाल दाखवतात, आणि गिऱ्हाईक बिस्किट घेऊन जातं. शिक्षिका शाळेत रुजू झाली. गयाबाई तपासणीला येते, बाकड्यावर माझ्या शेजारी बसते आणि नव्या आलेल्या घाबरलेल्या बाईला आपण होऊन सांगते, "पोटावर रेघा काढतील, भिऊ नगंस. मला इचार."

तिच्या बाहेरून द्यायच्या शेकाचा शेवटचा दिवस मात्र अजून सांगितला नाही. आतून द्यायचा थोडा शेक बाकी होता, पण त्याला रेघा लागत नाहीत. जोंधळे सरांनी तिला सांगितलं, "झालं मावशी. आता आंघोळ करा. साधं कोमट पाणी, हळू. घासायचं नाही, कातडी नाजूक झालेली असते."

संध्याकाळी जीप वेशीवर थांबली. दिगंबर खुर्चीवरून उठला, काट्या बाजूला करायला लागला.

"राहू दी," गयाबाई म्हणाली. "बादली कुठं हाय?"

"काय?"

"तुपली बादली. भाईरून आलेल्यानं आंघोळ करायची, नियम हाय का न्हाई? आन आता. गरम पाणी बी आन, तुपल्या घरून."

दिगंबर धावत घरी गेला. खरंच धावत. त्याची आई चुलीवरचं पातेलं घेऊन मागोमाग आली. कवितानं हाक दिली तशा गल्लीतल्या बाया आपापली लुगडी घेऊन आल्या आणि हापशाभोवती हात लांब करून गोल उभ्या राहिल्या. हिरवं, जांभळं, जरीचं, विटकं, असा कापडाचा एक गोल आडोसा उभा राहिला आणि आत गयाबाई. पुरुषांनी पाठ फिरवली. बप्पा शाळेच्या ओट्यावरून ओरडले, "साबण लावा, मावशी, नीट लावा!"

"साबण नको! घासू नका!" मी ओरडले. "हळू! डॉक्टरांनी सांगितलंय की—"

"सुजाता, पत्रक बंद कर," आतून आवाज आला आणि सगळ्या बाया हसल्या.

दिगंबर पाठ करून हापसा मारत होता. कापडाच्या खालून पाणी वाहत आलं. आधी निळसर, मग फिकट, मग नुसतं पाणी. ते वेशीच्या मातीतून गावाकडं उताराला लागलं. दिगंबरला वाटलं झालं असेल. त्याचा हात थांबला.

"दिगू," आतून गयाबाई म्हणाली, "थांबू नगंस. अजून एक रेघ राह्यलीय."